बाबांचा चाकू आणि माझं ‘हो’

गेल्या महिन्यात ऑफिसात एकाचा वाढदिवस होता. बाणेरच्या आमच्या सहाव्या मजल्यावर वाढदिवस म्हणजे दुपारी चारला पॅन्ट्रीत जमायचं, टाळ्या वाजवायच्या आणि केकची बशी घेऊन पाच मिनिटांत आपापल्या खुर्चीत परत. त्या दिवशी केक आला, पण खोक्यात चिकटवलेली असते ती प्लॅस्टिकची सुरी नव्हती. पॅन्ट्रीतल्या मावशी रजेवर, खणाला कुलूप. कुणीतरी स्टीलच्या पट्टीने कापू म्हणालं. मी काही विचार न करता पर्सच्या आतल्या कप्प्यातून बाबांचा चाकू काढला, खाचेत नख घालून पातं उघडलं. टक्. एवढासा आवाज, पण पंधरा माणसं एकदम गप्प झाली. जिचा हात माझ्या हाताशेजारी होता तिने तो मागे घेतला. मग आमच्या टीममधला एक जण, वयाने माझ्यापेक्षा लहान आणि मनाने चांगला मुलगा, वातावरण सैल करायला हसून म्हणाला, “बरं करता मॅडम. पुण्यात सध्या काय चाललंय बघतोच आहोत. बायकांनी ठेवावंच काहीतरी सोबत.” सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मी म्हणाले, “हो ना.”

ते ‘हो’ मला अजून सलतंय.

कारण तो चाकू पेरूचा आहे. पेरूचा आणि गुलाबाचा. मिटला की मुठीत मावतो. पातं अडीच इंचांचं, साध्या पोलादाचं, फळांचा रस पिऊन निळसर-करडं झालेलं. ते डाग घासून जात नाहीत आणि घालवूही नयेत, असं बाबांचं मत होतं. स्टेनलेसवर त्यांचा राग होता. गंजत नाही त्याला धारही धरत नाही म्हणायचे. मूठ शिंगाची, एका बाजूला तडा गेलेली. पात्याच्या बुडाशी कोरलेली अक्षरं झिजून फक्त ‘फील्ड’ उरलंय, म्हणजे मुळात शेफील्ड असणार, इंग्लंडातलं चाकूंचं शहर. न गंजणारं पोलाद त्याच शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये काढलं हे बाबांना कळलं असतं, तर त्यांनी त्याला घरभेदी ठरवलं असतं. चाकू त्यांनी जुन्या बाजारातून घेतला, माझ्या जन्माच्याही आधी, एका रविवारी, कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगातून उचलून. बारा रुपये दिले आणि आईला आठ सांगितले. हा हिशोब त्यांनी मला खूप नंतर, आई गेल्यावर सांगितला.

मुठीच्या दुसऱ्या टोकाला हाडाची एक चपटी जीभ आहे, जुन्या दातासारखी पिवळी. तिला धार नाही. लहानपणी मला वाटायचं, ही पावाला लोणी लावायला. नारायण पेठेतला वाडा सोडून आम्ही सहकारनगरला आलो, गच्ची मिळाली, आणि बाबांच्या गुलाबांना ऊत आला तेव्हा ती जीभ कशाला हे कळलं. डोळे भरायला. रानटी गुलाबाच्या खुंटावर चाकूने इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर द्यायची, आत लाकडाला लागू द्यायचं नाही. मग पातं बाजूला करून त्या हाडाच्या जिभेने साल दोन्हीकडून हलकेच उचलायची, दार उघडावं तशी. चांगल्या जातीच्या फांदीवरून सालीच्या चकतीसकट काढलेला डोळा त्या फटीत सरकवायचा आणि पट्टीने बांधायचं. फक्त डोळा बाहेर राहू द्यायचा. पोलादाने साल उचलली तर आतला ओला थर खरवडला जातो आणि डोळा धरत नाही, म्हणून हाड. हे सगळं बाबा श्वास रोखून करायचे. मला चाकू द्यायचा झाला तर हातात कधी देत नसत. धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं. तो कठड्यावर ठेवायचा आणि मी उचलायचा. नास्तिक माणूस, पण एवढं पाळायचा.

वाढदिवसाच्या त्या रात्री मी चाकूंच्या जाती शोधत बसले. मला वाटलं होतं चाकू तो चाकू. तर पाश्चात्त्य देशांत या खिशातल्या चाकूंचे नमुने आपल्या आंब्यासारखे, आकारावरून, कामावरून आणि कधी निव्वळ लहरीवरून नावं पडलेले. शेंगदाणा म्हणून एक आहे, अगदी चिमुकला. एक होडी, दोन्ही टोकं वर उचललेली. एक हत्तीचं नख, बसका आणि रुंद. ‘बार्लो’ नावाचा एक साधा, स्वस्त, पोरासोरांच्या खिशातला. त्याच्या मुठीचा सांध्याकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा लोखंडाचा असतो, म्हणजे कितीही आडदांडपणे वापरला तरी खिळा ढिला होऊ नये. आणि अमेरिकेतल्या गुरं पाळणाऱ्यांचा ‘स्टॉकमन’, तीन पात्यांचा. एक पातं टोकदार, हरकामी. दुसरं मेंढीच्या खुरासारखं, धार सरळ आणि पाठ टोकाशी खाली उतरलेली, पट्टा किंवा दोर कापताना खाली काही टोचू नये म्हणून. तिसरं बोथट टोकाचं, त्याचं नाव ‘स्पे’. जनावर खच्ची करताना टोक भलतीकडे रुतू नये म्हणून. एवढ्या नाजूक कामाची आठवण लोक आजही खिशात घेऊन हिंडतात आणि त्याने पाकिटं फोडतात. प्रत्येक नावामागे कुणाचं तरी पोट आहे. पोटाची सोय दुसरीकडे लागली, आकार तसाच राहिला.

यातला सगळ्यात ओळखीचा निघाला तो पेननाइफ. तो शब्द आपण इतका वापरतो की त्यातलं पेन दिसतच नाही. पिसाची लेखणी बोथट झाली की तासायला जो चाकू लागे तो पेननाइफ. आमच्याकडे पीस नव्हतं, बोरू होता. माझे आजोबा बोरू तासायचे ते मी पाहिलेलं नाही, पण बाबा नक्कल करून दाखवायचे: बोरू डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकवायचा, एक लांब तिरका काप, मग टोकाला मधोमध चीर, आणि शेवटी टोक आडवं छाटताना जीभ दातांत. छाट किती तिरकी यावर अक्षराचं वळण ठरे. कलमदानात दौतीशेजारी चाकूची जागा असे. पेशवे दफ्तरात मोडीचे कोट्यवधी कागद आहेत म्हणतात. ते लिहायला किती बोरू झिजले असतील आणि किती वेळा कुणा कारकुनाने वाक्य अर्धं सोडून चाकू उचलला असेल, हा हिशोब कुणी मांडलेला नाही. शनिवारवाड्यातल्या तलवारी आपल्याला पाठ आहेत. राज्य मात्र बरंचसं या दोन बोटांच्या पात्यावर चाललं असावं.

केळकर संग्रहालयात मी शाळेच्या सहलीला गेले होते तेव्हा बाई मस्तानी महालापाशी थांबल्या आणि मी अडकित्त्यांच्या कपाटापाशी. सुपारी कातरायची ती काय, तिच्यासाठी माणसाने घोडे घडवले, पक्षी घडवले, मिठी मारलेली जोडपी घडवली. पात्याची चोच, मुठीची शेपटी. ते आठवलं आणि हत्तीच्या नखाचं नवल ओसरलं.

मिटणारा चाकू ही कल्पनाही काही कालची नाही. ऑस्ट्रियात हालश्टाटला हाडाच्या मुठीचा एक सापडलाय, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. माणसाची अडचण तेव्हापासून एकच, धार हवी पण खिसा फाटायला नको. बाबांच्या चाकूत ती सोडवलीय तशीच जुन्या शेफील्डच्या चाकूंमध्ये सोडवलेली असते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी ताणून बसवलेली, ती पात्याच्या चौकोनी बुडाला दाबून धरते. उघडताना थोडा विरोध, मग पातं आपणहून जागेवर जाऊन बसतं. टक्. जमवणारे लोक चाकू घेताना तो ‘चालतो कसा आणि बोलतो कसा’ हे बघतात म्हणे. वाचून मला पोह्यांच्या बशीसमोर बसलेल्या मुलीच आठवल्या. पण मुद्दा असा की या चाकूला खटका नाही, कडी नाही. पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभं असतं. याने कुणाला भोसकायला गेलं तर पातं मिटून आपल्याच बोटांवर येईल. स्वसंरक्षण म्हणे! हे मला त्या पॅन्ट्रीत सांगता आलं असतं. पेरूचंही सांगता आलं असतं.

शेफील्डच्या चाकूवाल्यांचा संघ १६२४ मध्ये स्थापन झाला, म्हणजे आपल्याकडे मलिक अंबर भातवडीला लढत होता त्या वर्षी. तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीने पुढे एक चाकू केला, १८२२ साली १८२२ पात्यांचा, आणि मग दरवर्षी त्यात पातं वाढवत गेले. त्याला चाकू म्हणायचं की हट्ट, हा प्रश्न आहे. मला त्याच्यापेक्षा तिथल्या ‘लिटल मेस्टर’ लोकांविषयी वाचत बसावंसं वाटलं. एका भाड्याच्या खोलीत, एका खिडकीच्या उजेडात काम करणारे स्वतंत्र कारागीर. स्टॅन शॉ नावाचे एक होते, वयाच्या चौदाव्या वर्षी या कामाला लागले आणि नव्वदीपर्यंत चाकू करत राहिले. पातं, स्प्रिंग, शिंपल्याची मूठ, सगळं एकहाती. २०२१ मध्ये गेले. हे चित्र गोड आहे, म्हणून दुसरंही सांगते. एकोणिसाव्या शतकात त्याच शहरात कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणारी माणसं धूळ छातीत जाऊन तिशी-पस्तिशीत मरत. बाबांच्या चाकूचं पातं ज्याने घासलं त्याचं काय झालं असेल, हा विचार मला पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा सुचला. पेरू खाताना कधी सुचला नव्हता.

आणि कोयता. पुण्यात बसून धारेबद्दल लिहायचं आणि कोयता टाळायचा म्हणजे पावसाळ्यावर लिहून खड्डे टाळण्यासारखं. गेल्या काही वर्षांत आमच्या वर्तमानपत्रांत हा शब्द ‘गँग’शिवाय येतच नाही. पोरं रस्त्यावर कोयते नाचवतात, गाड्यांच्या काचा फोडतात, रील करतात. आमच्या पॅन्ट्रीतल्या मावशी बीडकडच्या. त्या एकदा चहा गाळता गाळता म्हणाल्या, “लग्नानंतर सात वर्षं आम्ही दोघं एक कोयता होतो.” मला आधी कळलंच नाही. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल जोडीवर, हिशोब जोडीवर. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार आणि डोक्यावरून गाडीत चढवणार. मावशी हे दुःखाने सांगत नव्हत्या, आणि अभिमानानेही नव्हत्या. आपण कुठे राहत होतो हे सांगावं तसं सांगत होत्या. त्यांच्या मुलाला मात्र तो शब्द घरात काढलेला आवडत नाही. कॉलेजात पोरं चिडवतात.

घाबरलेलं शहर आधी जे हाताला लागेल तेच उचलतं. जपानमध्ये ‘हिगोनोकामी’ नावाचा मिटणारा चाकू असतो, पितळेच्या घडीच्या मुठीचा, शाळकरी पोरांच्या खिशातला, पेन्सिल तासायचा. १९६० मध्ये तिथे इनेजिरो आसानुमा या नेत्याला भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर मारलं गेलं. मारणारा सतरा वर्षांचा होता आणि हत्यार होतं छोटी तलवार. त्यानंतर मुलांच्या हातात धार नको अशी मोहीम निघाली आणि दप्तरांतून हे पेन्सिलीचे चाकू गेले. बनवणारी घरं एकेक करून बंद पडली. तलवारीचा राग पेन्सिलीवर. आपल्याकडचा कायदा त्या मानाने समजूतदार म्हणायचा: ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत धरताना त्याने घरकामाचे, शेतीचे, कारखान्याचे वगळलेत. म्हणजे कायदासुद्धा आधी विचारतो, हे कशासाठी केलंय?

इथवर लिहिलं आणि वाटलं झालं, मी निर्दोष. चाकू गुलाबाचा, भीती लोकांची, ‘हो’ म्हणाले ते भिडेखातर. पण ते खरं नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. वाड्यातली दुपार, नळाला पाणी यायची वेळ. बाबा सज्जात बसून पेरू कापत होते, मी तिखट-मिठाची पुडी धरून समोर. खालचे बिऱ्हाडकरू आणि आई यांच्यात हंड्यांच्या रांगेवरून बाचाबाची सुरू झाली. नेहमीचंच होतं, पण त्या दिवशी ते गृहस्थ आईला एक शब्द बोलले, जो वाड्यात बायकांसमोर कुणी बोलत नसे. बाबा उठले आणि जिना उतरले. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त त्यांच्या हातात पेरू कापायचा चाकू होता, उघडा. ते गृहस्थ दोन पावलं मागे सरकले, त्यांची पाठ तुळशीवृंदावनाला लागली. नळाखालची बादली भरून वाहू लागली तरी कुणी हललं नाही. मग बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. पेरूची एक बी पात्याला चिकटली होती, ती वरूनही मला दिसत होती. त्यांनी पातं मिटलं. पण लगेच नाही. आधी पाहिलं, मग एक क्षण थांबले, मग मिटलं. तो एक क्षण मला आजही मोजता येतो. वर येऊन ते म्हणाले, “उरलेला तू खा,” आणि त्या दिवशी पुन्हा चाकू उघडला नाही. या प्रसंगाबद्दल आमच्या घरात कधीही कुणीही बोललं नाही. गुलाबांच्या गोष्टी मात्र भरपूर.

दोन वर्षांपूर्वी हिंजवडीहून रात्री साडेअकराला येताना कॅबवाल्याने नेहमीचा रस्ता सोडून गाडी अंधारात वळवली. माझा हात पर्समध्ये गेला. विचारून गेला नाही. मूठ ओळखीची होती, तडा अंगठ्याखाली आला, नख आपोआप खाचेत. त्या वेळी मला हाडाची जीभ आठवली नाही, डोळे भरणं आठवलं नाही आणि पातं आपल्याच बोटांवर मिटेल हेही नाही. आरशात बघत तो म्हणाला, “पुढं खोदलंय मॅडम, परत.” खरंच खोदलेलं होतं. उतरताना मी त्याला वर पन्नास रुपये दिले. त्याला वाटलं असेल बाई मोठ्या मनाची आहे.

शेवटच्या वर्षात बाबांचा हात थरथरायचा. पातं उघडायला नखात जोर राहिला नव्हता. मी उघडून कठड्यावर ठेवायची आणि ते उचलायचे. एके दिवशी त्यांनी तो उचललाच नाही, नुसतं म्हणाले, “तू भर.” मी पाच डोळे भरले. त्यातले चार काळे पडले. पाचव्याला पालवी आली ती त्यांनी पाहिली. फूल आलं त्याला, पण ते नंतर. केशरी होतं. मला त्या जातीचं नाव माहीत नाही, ते त्यांनाच माहीत होतं. नंतर मी पुन्हा कधी डोळे भरलेले नाहीत. गच्चीवर आता सोलर पॅनल आहेत.

परवा रविवारी सोसायटीच्या फाटकाशी धारवाला आला. हल्ली क्वचित येतो. सायकल स्टँडवर चढवलेली, पायडल मारलं की पुढचं कुरुंदाचं चाक फिरतं. त्याच्यासमोर दोन सुऱ्या आणि एक शिंप्याची कात्री होती. मी चाकू काढून सायकलच्या सीटवर ठेवला. त्याने उघडला, पातं उन्हात तिरकं धरलं, नखावरून फिरवलं आणि हाडाच्या जिभेवर अंगठा घासला. मग म्हणाला, “ताई, याला एकाच अंगाने धार आहे. झाडाकामाची. तशीच ठेवू का दोन्हीकडून काढू? दोन्हीकडून काढली तर घरात सगळ्याला चालेल, पण मग झाडाला चालणार नाही. परत नाही होत.” मी काही बोलले नाही तसा तो पायडलवर पाय ठेवून थांबला. “करायचं काय याचं, ते सांगा.”

मागे आठव्या मजल्यावरच्या काकू विळी घेऊन उभ्या होत्या, त्यांना घाई होती.

“आहे तशीच,” मी म्हणाले.

चाक फिरलं. ठिणग्या उन्हात नीट दिसत नव्हत्या, पण वास आला, तापलेल्या लोखंडाचा, लहानपणी दातांत शिरायचा तो. त्याने पातं तीन-चारदाच टेकवलं, एकाच बाजूने, मग दुसऱ्या बाजूची सळ दगडावर हलकेच काढली. फाटकाशेजारच्या जास्वंदीचं एक पान तोडून कापून पाहिलं. चाकू मिटला. टक्. तीस रुपये म्हणाला. मी पैसे दिले आणि चाकूसाठी हात पुढे केला, तर त्याने तो पुन्हा सायकलच्या सीटवर ठेवला आणि काकूंची विळी घ्यायला वळला.